काचकाकूचे दोन रकाने

शाळेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला पाठ लावून एक लांबुळकी खोली होती. तीन खिडक्या, त्यातली एक खिळे ठोकून कायमची बंद. मधोमध दोन लांब टेबलं, त्यांच्या फळ्यांवर तेजाब सांडून पडलेले काळे चट्टे. भिंतीला कपाटं. कपाटांत काचेच्या नळ्या, चंबू, भिंगं, नालासारखे वाकडे लोहचुंबक, आणि एका बरणीत कुण्या काळी मेलेला बेडूक. तो बेडूक आहे हे आता कुणीतरी सांगितल्यावरच कळायचं.

ही खोली काचकाकूची. म्हणजे तशी शाळेचीच, पण शिपायापासून हेडसरांपर्यंत कुणालाही विचारा, सगळे म्हणत, "काकूच्या खोलीत बघा."

हजेरीपटावर तिच्या नावापुढं 'परिचर' लिहिलेलं. काम काय, तर काचसामान धुणं, पुसणं, जागच्या जागी ठेवणं, आणि तास संपला की खोलीला कुलूप घालणं. तेवीस वर्षांची असताना लागली, आता सत्तावन्न. शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या खेपेला. चौतीस वर्षांत तिच्या खोलीत अकरा नळ्या आणि एक चंबू फुटला, आणि कोणती नळी कोणत्या साली कुणाच्या कोपराचा धक्का लागून फुटली ते तिला अजून तोंडपाठ. डाव्या हाताच्या पाठीवर एक पांढरा चट्टा, तोही नोकरीतलाच. पोरांना ती तो दाखवायची. "हा तेजाबाचा शिक्का. ज्याला पाहिजे त्यानं बाटली उघडी टाकावी. फुकट मिळतो."

अंगानं काटकुळी, आवाज मात्र भोंग्यासारखा. पन्नास पोरांच्या गलक्यात ती नुसती "हं!" म्हणाली, की कपाटातल्या काचासुद्धा गप्प बसायच्या.

ती शिकवायला लागली ती कुणी नेमलं म्हणून नव्हे. पहिले विज्ञानाचे मास्तर दम्याचे होते. गंधकाचा धूर झाला की त्यांना धाप लागायची. मग ते खिडकीशी स्टूल ओढून बसत आणि म्हणत, "तू दाखव गं, मी इथनं बघतो." ती दाखवायची. मास्तर गेले. त्यांच्यामागं कितीतरी आले, बदलून गेले. प्रत्येकाला पुस्तक संपवायची घाई. शुक्रवारचे शेवटचे दोन तास तेवढे काकूवर सोडून द्यायची रीत पडली. कागदावर तास विज्ञान शिक्षकांचा, खोलीत राज्य काकूचं. आत्ताच्या विज्ञानाच्या बाई तरण्या, दोन बस बदलून यायच्या, स्वभावानं चांगल्या. त्या कोपऱ्यात बसून वह्या तपासत आणि मधूनच मान वर करून म्हणत, "अय्या, असं होतं होय!"

काकूची एक स्वतःची पद्धत होती. ती पोरांना वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावायची. डाव्या रकान्याला वर लिहायचं 'पुस्तक म्हणतं', उजव्या रकान्याला 'मी पाहिलं'. डावीकडचं घरून उतरवून आणलं तरी चालेल. उजवीकडचं मात्र खोलीतच लिहायचं, आणि डावीकडं न बघता.

ही रेघ कुठून आली? फार वर्षांपूर्वी एका वर्गानं दोन कुंड्यांत बी पेरलं होतं. एक कुंडी खिडकीत, एक खोक्याखाली अंधारात. पुस्तकात होतं, की उजेडावाचून रोप वाढत नाही. दहा दिवसांनी खोकं उचललं, तर आतलं रोप पिवळं, लुळं, पण उंचीला खिडकीतल्या रोपाच्या दुप्पट! बिचारं उजेड शोधत लांबच लांब गेलेलं. आणि सगळ्यांच्या वहीत काय? 'अंधारातले रोप वाढले नाही.' काकूनं एकाची वही घेतली, रोपाशेजारी धरली. "अरे, हे हातभर तंगडं पसरून तुझ्या नाकाला गुदगुल्या करतंय, आणि तू लिहितोस वाढलं नाही?" पोरगं म्हणालं, "पण पुस्तकात तसंच आहे." त्या दिवशी काकूनं पट्टी घेतली आणि पन्नास वह्यांवर स्वतःच्या हातानं रेघा मारल्या.

तेव्हापासून तिच्या खोलीत पोरं चुंबक घेऊन अंगणातली माती चाळायची आणि त्याला चिकटलेला काळा कीस कागदावर झटकायची. डबक्यातलं पाणी भिंगाखाली धरून त्यात वळवळणाऱ्या जिवांना नावं ठेवायची. एकाला ती 'हेडसर' म्हणत, कारण तो नुसताच गोल गोल फिरायचा. मुंगीच्या वाटेवर बोट फिरवायचं आणि ती वाट कशी चुकते ते घड्याळ लावून मोजायचं. दोन रकाने जुळले तर ठीक. नाही जुळले तर काकूचा चेहरा असा उजळायचा, की जणू घरी पाहुणा आला. "नाही जुळत? मग आता मजा आहे. सांगा का ते."

त्या वर्षीच्या सहावीत एक पोरगी होती, शिंपीणबाईची. रंगानं काळीभोर, बुटकी, आणि सारखी काहीतरी गुणगुणणारी, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणत. ही भुंगी म्हणजे काकूच्या जिवाला घोर. "काकू, चुंबकाला गंज चढला तरी तो चुंबक राहतो का?" "काकू, मुंगी पाण्यात बुडाल्यावर किती वेळानं मरते, आणि ती मेली हे तिला कसं कळतं?" काकू म्हणायची, "भुंगे, तुझी आई तुझं तोंड शिवायचं तेवढं विसरली बघ." पण घरी जाताना ती त्याच प्रश्नाचा विचार करत जायची, आणि बसथांबा मागं टाकून पुढं निघून जायची.

आणि मग वरून पत्र आलं.

हेडसरांनी काकूला बोलावलं. हेडसर भला माणूस, पण कागद आला की त्याची पाठ वाकायची. त्यांनी पत्र वाचून दाखवलं. ज्या प्रयोगखोल्यांचा निकालाला उपयोग नाही, त्या रिकाम्या करून तिथं मोठे पडदे बसवायचे. पोरांनी पडद्यावर प्रयोग बघायचे. उपयोग आहे की नाही, ते ठरवायला साहेब येणार, सहावीची प्रात्यक्षिक परीक्षा घेणार. पन्नासातले पस्तीस पास झाले तर खोली राहील.

"पस्तीस?" काकू हसली. "सर, माझी पन्नास होतील. हवं तर शिपायालाही बसवा, एक्कावन्न करते."

हेडसर हसले नाहीत. "काकू, पडदा नको असं मी म्हणत नाही. पण खोली गेली तर तुम्हाला मी कुठं ठेवू? पाण्याच्या टाकीवर?"

"माझं सोडा हो. बेडूक कुठं ठेवाल?"

बाहेर आली आणि मग मात्र तिनं बोटांवर शुक्रवार मोजले.

पुढचे तीन शुक्रवार तिनं डोळ्यांत तेल घालून तयारी करून घेतली. साहेबांनी प्रयोग आधीच कळवला होता. ताटलीत पाणी, पाण्यात पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला पालथा. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी वर चढतं. सोपा, जुना, दर वर्षीचा. काकूनं तो पोरांकडून वीसदा करून घेतला. आणि आपल्या सवयीनं तिथंच थांबली नाही. कारण दुसऱ्याच शुक्रवारी भुंगीनं विचारलं, "एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर?"

लावल्या तीन. पाणी एका मेणबत्तीला बोटभर चढलं होतं, तीनला जवळजवळ तीन बोटं चढलं. पोरं ओरडली. मग कुणीतरी नाक ताटलीला लावून बघितलं, तर पेला ठेवताना कडेनं बुडबुडे बाहेर पडताना दिसले. मग आणखी एकानं बघितलं, की मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं हलत नाही. विझली, पेला गार व्हायला लागला, की मग सरसर चढतं. आता पुस्तकात काय होतं? मेणबत्ती जळताना पेल्यातला प्राणवायू संपतो, त्याची रिकामी जागा पाणी घेतं, म्हणून पाणी पाचव्या हिश्शाइतकं चढतं.

"मग तीन मेणबत्त्यांनी जास्त का चढलं?" भुंगी म्हणाली. "पेला तोच. प्राणवायू तेवढाच."

पोरं पुन्हा ताटलीवर वाकली. काकूच्या डोळ्यांत पाहुणा आला होता. शेवटी पोरांनीच जुळवलं. तापलेली हवा फुगून बाहेर पळते, तेच बुडबुडे. मग आतली उरलेली हवा गार होऊन आक्रसते आणि पाण्याला आत ओढून घेते. विज्ञानाच्या बाईंनी वह्या बाजूला ठेवल्या आणि उठून आल्या. "पुन्हा करा बरं एकदा," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी काकूनं घरी नवऱ्याला तेच करून दाखवलं. नवरा बसआगारातून निवृत्त झालेला फिटर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. "तुझ्यापायी ह्या घरात साधा पेला पालथा घालायची चोरी झालीय," तो म्हणाला. पण बुडबुडे बघायला वाकला खरा, आणि गुडघा धरून बराच वेळ तसाच राहिला.

साहेब आले ते मंगळवारी. वाईट माणूस नव्हता. चष्मा पुसत पुसत बोलणारा, पोरांना "बाळांनो" म्हणणारा. सोबत छापील कागद. कागदावर तीन जागा: कृती, निरीक्षण, निष्कर्ष. पोरांनी चारचारचे गट करून प्रयोग केला. एकाही पेल्याला तडा नाही, एकाही बोटाला चटका नाही. काकू भिंतीशी उभी. कुणाला सांगायचं नाही, खुणा करायच्या नाहीत अशी सक्त ताकीद होती. तिला ताकिदीची गरज नव्हती. पोरांचे हातच इतके शहाण्यासारखे चालले होते, की बघताना तिचा ऊर भरून आला.

आता इथं एक गोष्ट झाली, ती ह्याच वर्गात होऊ शकत होती. छापील कागदावर मधोमध रेघ नव्हती. 'निरीक्षण' एवढंच लिहिलेलं. दुसऱ्या कुठल्याही शाळेतल्या पोरानं तिथं पुस्तकातलं वाक्य उतरवलं असतं आणि पेन खाली ठेवलं असतं. पण ह्या पोरांना निरीक्षण म्हणजे उजवा रकाना. त्यांनी लिहिलं, कडेनं सात बुडबुडे निघाले. लिहिलं, विझेपर्यंत पाणी जागचं हललं नाही. लिहिलं, गार झाल्यावर चढलं, पेल्याला हात लावून बघितला. भुंगीनं निष्कर्षात लिहिलं, 'प्राणवायू संपल्यामुळे चढते असे पुस्तक म्हणते, पण मग तीन मेणबत्त्यांनी जास्त चढायला नको.'

निकाल घेऊन साहेब गुरुवारी पुन्हा आले. अकरा पास.

हेडसरांनी कागद काकूपुढं सरकवला. तिनं अकराही नावं वाचली. त्यातले चौघं तर तीन मेणबत्त्या लावल्या त्या दिवशी पाणी प्यायला बाहेर गेले होते. दोघं आठवडाभर आजारी होते, काकूच्या तासाला फिरकलेच नव्हते. उरलेले पाच दिवसभर पुस्तकात तोंड घालून बसणारे. ज्यांनी बघितलं नाही ते तरले, ज्यांनी बघितलं ते बुडाले.

साहेब अजून बाहेरच्या खोलीत चहा घेत होते. काकू सरळ तिथं गेली. हातात ताटली, पेला आणि तीन मेणबत्त्या. हेडसर मागनं "काकू, काकू" करत.

"साहेब, एक मिनिट. नुसतं बघा."

साहेबांनी कप खाली ठेवला. तिनं करून दाखवलं. बुडबुडे निघाले. मेणबत्त्या विझल्या. मग पाणी चढलं. साहेब टेबलावर वाकले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हो," ते म्हणाले. "दिसतंय की."

"मग पोरांचं काय चुकलं?"

"चुकलं असं नाही, बाई." त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. "हे उत्तर वरून येतं. ह्याच्याशी जुळलं की बरोबर. सगळ्या शाळांना हेच. मी प्रत्येक ठिकाणी पेल्यात बघत बसलो तर कसं व्हायचं?"

"पण आत्ता तर बघितलंत."

"बघितलं ना," साहेब म्हणाले, आणि खरंच ओशाळले. "म्हणून तर सांगतो. सोमवारी पुन्हा परीक्षा घेऊ. तोच प्रयोग. मुलांना नीट समजावून सांगा. तुमची खोली जाऊ नये असं मलाही वाटतं." आणि कप उचलून उरलेला गार चहा एका घोटात संपवला.

समजावून सांगायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. विज्ञानाच्या बाईंनी शुक्रवारी सकाळी वर्गात सांगून बघितलं. दुपारी काकूकडं आल्या. डोळे लाल. "काकू, माझं ऐकत नाहीत. म्हणतात, बाई, आम्ही पाहिलंय. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"मी सांगू?"

"तुमचंच ऐकतील."

मधली सुट्टी झाली, संपली. काकूनं त्या दिवशी डबा उघडला नाही. शेवटच्या दोन तासांना तिनं सांगितलं, आज जरा आवराआवर आहे, ओट्यावर बसून अभ्यास करा. आणि रिकाम्या खोलीत ती धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुवत बसली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गुडघ्यावर तेल चोळत होता.

"मी तीस वर्षं बसचे ब्रेक तपासले," तो म्हणाला. "तक्त्यावर 'ठीक' लिहायचं असायचं. गाडी सुटायची वेळ झालेली, वरचा माणूस डोक्यावर उभा. दोनदा ठीक नव्हते. लिहिलं ठीक."

"मग?"

"मग काय? गाडी गेली. परतही आली."

"आणि तुम्ही?"

"मी काय, घरी आलो. तू पान वाढलंस, जेवलो." त्यानं बाटलीचं बूच लावलं. "तिसऱ्यांदा कुणी सांगायची गरजच पडली नाही. आपलं आपणच लिहीत गेलो."

काकूला वाटलं, हा आता काहीतरी पुढं बोलेल, हसेल, टोमणा तरी मारेल. तो उठून पाय धुवायला गेला.

शनिवारी सकाळची शाळा. काकूनं सहावीला खोलीत बोलावलं. टेबलावर काहीच मांडलं नव्हतं. पोरांनी इकडंतिकडं बघितलं. "आज काय करायचं, काकू?"

"आज करायचं काही नाही. आज ऐकायचं." तिनं दार लोटून घेतलं. "सोमवारी पेपरात निरीक्षण आलं, की डाव्या रकान्यातलं लिहायचं. प्राणवायू संपतो, पाणी पाचव्या हिश्शाइतकं चढतं. एवढंच. बुडबुडे नाहीत, तीन मेणबत्त्या नाहीत, गार झालेला पेला नाही."

मग भुंगी उभी राहिली.

"आम्ही पाहिलं ते खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग पुस्तकातलं खरं आहे का?"

काकूनं टेबलावरच्या काळ्या चट्ट्यावर बोट फिरवलं. "ही खोली राहायला पाहिजे, भुंगे. खोली राहिली तर पुढं कितीतरी बघता येईल. एवढं एकदाच."

"म्हणजे आत्ता न बघितल्यासारखं करायचं, म्हणजे पुढं बघता येईल?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पोरगी खरंच समजून घेत होती, चुंबकाचं समजून घ्यायची तसंच. तिला चापट मारावी की कवटाळावं, हे काकूला कळेना. ती म्हणाली, "हो. बस खाली."

भुंगी बसली. मागच्या बाकावरनं एक पोरगा म्हणाला, "सोपंच झालं की मग! आधी सांगितलं असतं तर?" आणि सगळे हसले. हसणारच. पोरंच ती. मग सगळ्यांनी तीन ओळी पाठ केल्या. पन्नास तोंडांनी एका सुरात. खोलीत इतका एकसारखा आवाज चौतीस वर्षांत कधी घुमला नव्हता.

सोमवारी सत्तेचाळीस पास झाले. भुंगीला पैकीच्या पैकी.

खोली राहिली. हेडसरांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना गोळ्या वाटल्या. वरून कौतुकाचं पत्र आलं, नवं लोखंडी कपाट आलं, बंद खिडकीचे खिळे निघाले. भिंतीवर लावायला रंगीत तक्ते आले. प्रत्येक प्रयोगाचा एक, खाली जाड अक्षरांत 'योग्य निरीक्षण'. आणि हेडसरांनी काकूला एक मान दिला. म्हणाले, "काकू, आता प्रयोगवह्यांवर सही तुम्हीच करायची. परिचर असलात म्हणून काय झालं? तुमच्यामुळं खोली राहिली." चौतीस वर्षांत ती सही करायला कुणी तिला सांगितलं नव्हतं. घरी तिनं जुन्या वहीच्या मागच्या पानावर आठदहा वेळा सही गिरवून बघितली.

पुढच्या शुक्रवारी पोरं आली. वह्या उघडल्या. काकूनं पट्टी शोधली, तर एक पोरगी म्हणाली, "आता रेघ कशाला, काकू? तक्ता आहे ना." काकू म्हणाली, "मारा म्हणते ना!" पोरांनी मारल्या. दोन्ही रकान्यांत एकच मजकूर आला. तिनं डबक्यातलं पाणी काढलं, तर पोरं भिंगात डोळा घालायच्या आधी तक्त्याकडं मान वळवून बघत, की आत काय असायला हवं. तिनं तक्ते उतरवून कपाटामागं ठेवले. चार दिवसांनी हेडसरांनी ते पुन्हा लावून घेतले. साहेब कधीही येतील म्हणाले. एके दिवशी तिनं मुद्दाम लोहचुंबक पितळेच्या किल्लीला लावायला दिला. किल्ली जागची हलली नाही. बावीस पोरांनी लिहिलं, चिकटली. तक्त्यावर चुंबकाला चिकटलेल्या किल्लीचंच चित्र होतं. काकू ओरडली, मग समजावलं, मग हात जोडले. पोरं वाईट नव्हती. ती तिच्याकडं बघत राहायची, ह्या वेळी काकूला कोणतं उत्तर हवंय ते ओळखायला.

वर्षाच्या शेवटी सावलीचा प्रयोग आला. तिचा सगळ्यांत आवडता. अंगणात सरळ काठी रोवायची, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करायची, आणि सावली कधी सर्वांत लहान होते ते शोधायचं. पुस्तकात होतं, बरोबर बारा वाजता. ह्या अंगणात मात्र बारा वाजल्यानंतरही सावली आखडतच जायची. पंचवीसेक मिनिटं. का ते काकूला पहिल्या मास्तरांनी खिडकीशी बसून सांगितलं होतं. घड्याळातले बारा सगळ्या मुलखाचे सारखे, पण सूर्याचे बारा ज्या त्या गावाचे वेगळे. दर वर्षी एखादं तरी पोर बारा वाजून दहा मिनिटांनी ओरडायचं, "काकू, ही अजून लहानच होतेय!" त्या ओरडण्यासाठी ती वर्षभर थांबायची.

साडेअकराला तिनं काठी रोवली. ऊन डोक्यावर. दोन खुणांपर्यंत पोरं भोवती होती. मग एकेक करून ओट्याच्या सावलीत सरकली. पावणेबाराला काठीपाशी ती एकटीच. ओट्यावर वह्या उघडल्या होत्या आणि पेनं चालली होती. कुणीतरी आकडे मोठ्यानं सांगत होतं, बाकीचे उतरवून घेत होते. बारा वाजता घड्याळाकडं बघून एकजण म्हणाला, "झालं!" आणि वह्या मिटल्या.

काकू उन्हात वाकून खुणा करत राहिली. बारा दहा. बारा वीस. सावली अजून आत येत होती. तिनं एकदा मागं वळून बघितलं. कुणीतरी शेंगा सोलत होतं, कुणी कुणाची वेणी ओढत होतं.

साडेबाराला सावली पुन्हा लांबायला लागली. तेवढ्यात भुंगी आली. हातात पन्नास वह्यांची चळत, वर तिची स्वतःची. ती आता गुणगुणत नसायची. वयही वाढलं होतं म्हणा.

"काकू, सही."

काकूनं वरची वही उघडली. सुबक अक्षर. साडेअकरापासून बारापर्यंत दर दहा मिनिटांचे आकडे, बोटाच्या पेरांत मोजलेले, एकेक पेर कमी होत आलेले. शेवटी: 'बरोबर बारा वाजता सावली सर्वांत लहान झाली.' आकडे इतके नीट होते, की खऱ्या सावलीनं त्यांच्याकडून शिकावं.

"बघितलंस तू?"

भुंगीनं काठीकडं बघितलं. जमिनीवरच्या खडूच्या खुणांकडं बघितलं. शेवटच्या खुणा बाराच्या कितीतरी पुढं होत्या. तिला त्या दिसल्या. तिचे डोळे त्यांच्यावर एक क्षण अडकले, कपाळावर बारीकशी आठी पडली.

"बारा वाजताच होते ना काकू ती," भुंगी म्हणाली. मग काळजीनं, खरोखरीच्या काळजीनं, "तुम्ही कशाला उन्हात उभ्या राहता? चक्कर येईल. ओट्यावर बसून करा ना सह्या."

तिनं काकूच्या हातातला खडू हळूच काढून घेतला, पेन ठेवलं, आणि कोपराला धरून तिला सावलीत नेलं. काकू बसली. मांडीवर वही घेतली. उन्हातनं आल्यामुळं पान नुसतं पांढरं दिसत होतं, अक्षर दिसेना. जरा वेळानं दिसायला लागलं. तिनं सही केली. मग खालची वही ओढली.